जातिसंस्था आणि स्त्री-पुरुष विषमता : १९१६ चा एक विद्यार्थी-निबंध आणि जळकोट परिसरातील संशोधनाची दिशा

१

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात पंचवीस वर्षांच्या एका हिंदी विद्यार्थ्याने एक निबंध वाचला. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस गेलेल्या या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हा निबंधाचा विषय होता. पुढील वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या विद्यार्थ्याचा मुख्य अभ्यासविषय अर्थशास्त्र होता. मानववंशशास्त्राच्या वर्गासाठी लिहिलेला हा निबंध म्हणजे विद्यार्थिदशेतील एक प्रासंगिक लेखन, असेच त्या वेळी कोणीही मानले असते. शीर्षकात स्त्रीचा उल्लेखही नाही. परंतु निबंध वाचू लागताच असे दिसून येते की, जातीच्या उगमाचा शोध घेता घेता लेखक विधवा, विधुर आणि बालवधू यांच्यापाशी येऊन थांबतो, आणि या तिघांचा हिशेब लावल्यावाचून जातीचा उलगडा होत नाही असे प्रतिपादन करतो. स्त्रीचे दास्य हा समाजरचनेचा केवळ एक दुष्परिणाम नसून ती रचना टिकवून धरणारे ते साधन होय, हा या निबंधाचा गाभा आहे.

सुधारकांची कळकळ, परिषदांचे ठराव आणि कायद्यांची मालिका या अंगाने स्त्रीप्रश्नाचा इतिहास पुष्कळदा लिहिला गेला आहे. विद्यार्थ्यांनी केलेल्या संशोधनाच्या अंगाने तो क्वचितच पाहिला जातो. वस्तुतः अभ्यासवर्गातील एका निबंधाने या प्रश्नाला जी दिशा दिली, तिचे महत्त्व भूतदयेत नसून पडताळून पाहता येईल अशा कार्यकारणभावात आहे. जे पडताळता येते ते कोणत्याही गावी पडताळता येते. जळकोटसारख्या, संशोधकांची पावले क्वचितच वळलेल्या तालुक्यात तो पडताळा कसा घेता येईल, कोठे तो १९१६ च्या मांडणीला पुष्टी देईल आणि कोठे तिच्या मर्यादा दाखवील, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

हा निबंध पोकळीत जन्मला नाही. त्याच्या चौतीस वर्षे आधी, १८८२ साली, वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा ग्रंथ पुण्यात छापला गेला. त्याला निमित्त झाले सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्याचे. भ्रूणहत्येच्या आरोपावरून १८८१ साली तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली आणि पुढे ती सौम्य करण्यात आली. या प्रसंगावरून वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जी आग पाखडण्यात आली, तिला ताराबाईंनी उत्तर दिले. त्या उत्तराची पद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. स्त्रीच्या अंगी म्हणून जे जे दुर्गुण सांगितले जातात ते एकेक करून पुढे घ्यावयाचे आणि तेच पुरुषाच्या ठायी कितपत आढळतात हे विचारावयाचे, अशी ती रीत आहे. ‘तुलना’ हा शब्द येथे अलंकारासाठी आलेला नाही. ती ग्रंथाची पद्धतीच आहे.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे सत्यशोधक विचारांचे होते. १८८५ साली जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा पक्ष घेतला. त्यानंतर मात्र ग्रंथ विस्मृतीत गेला तो जवळजवळ नव्वद वर्षे. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो संपादून पुन्हा प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे तो मराठी वाचकांच्या हाती आला. आज छत्रपती संभाजीनगर येथील मराठवाडा विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रास ताराबाईंचे नाव आहे. एका संशोधकाने जुना ग्रंथ हुडकून काढला नसता तर हे नामकरण संभवले नसते. संशोधनाच्या उपेक्षेने एखादा विचार किती काळ मुका राहू शकतो, याचा हा दाखला होय.

दुसरा पूर्वसूरी श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विद्यार्थी असताना केतकरांनी जातिसंस्थेच्या इतिहासाचा अभ्यास केला आणि त्यांचा ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला. जातीची दोन लक्षणे त्यांनी सांगितली : सभासदत्व जन्माने मिळणे आणि जातीबाहेर विवाहास बंदी असणे. आंबेडकरांनी सेनार, नेसफील्ड आणि रिस्ले या पाश्चात्त्य पंडितांच्या व्याख्या तपासल्या, तशी केतकरांचीही तपासली. केतकरांविषयी आदर व्यक्त करून त्यांनी असे दाखविले की, ही दोन लक्षणे वस्तुतः एकच आहेत. बाहेर विवाह करण्यास मनाई केली म्हणजे बाहेरच्यास आत येण्याची वाट आपोआपच बंद होते. तेव्हा जातीचे निजलक्षण एकच उरते, आणि ते म्हणजे जातीअंतर्गत विवाहाची सक्ती. एका मराठी विद्यार्थ्याच्या प्रबंधातून दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याचा निबंध असा पुढे सरकला.

ताराबाईंनी तुलना केली, केतकरांनी व्याख्या केली. या दोन्ही गोष्टी ज्या ठिकाणी एकत्र येतात, त्या ठिकाणी १९१६ चा निबंध उभा आहे.

३

निबंधातील युक्तिवाद थोडक्यात असा. भारतातील समाज मुळात गोत्र, सपिंड इत्यादी नियमांनी बांधलेला, म्हणजे आपल्या गटाबाहेर विवाह करणारा होता. अशा समाजात एखादा गट स्वतःभोवती कुंपण घालू इच्छील, तर त्याच्यापुढे पहिली अडचण संख्येची येते. विवाहयोग्य स्त्रिया आणि विवाहयोग्य पुरुष यांची संख्या गटाच्या आत सारखी राहिली पाहिजे. ती बिघडली की कोणीतरी जोडीदारासाठी कुंपण ओलांडणार. परंतु पती आणि पत्नी एकाच वेळी मरत नाहीत. पती आधी मेला तर एक स्त्री जास्तीची ठरते, पत्नी आधी गेली तर एक पुरुष.

या जास्तीच्या स्त्रीचे करावयाचे काय? ती गटाबाहेर विवाह करील तर कुंपण मोडते. गटात करील तर एखाद्या उपवर मुलीचा वाटा घेते. म्हणून दोन उपाय निघाले : पतीच्या चितेवर तिला जाळणे, किंवा सक्तीचे वैधव्य लादून तिला विवाहाच्या दृष्टीने नाहीशी करणे. जास्तीच्या पुरुषाला मात्र जाळता येत नाही, कारण तो गटाचे बळ आहे. त्याच्यावर संन्यास लादणेही व्यवहारात जमत नाही. तेव्हा अद्याप विवाहयोग्य न झालेल्या मुलींमधून त्याला वधू मिळवून द्यावयाची, म्हणजे उपवरांचा हिशेब बिघडत नाही. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी अशा रीतीने एकाच गणिताच्या तीन बाजू ठरतात. त्यांची स्तुती करणारे तत्त्वज्ञान मागाहून आले. रूढी आधी आणि तिचे गोडवे नंतर, असा क्रम निबंधकाराने लावला आहे.

यापुढचा टप्पा अनुकरणाचा आहे. कुंपण प्रथम पुरोहितवर्गाने घातले. मग इतरांनी कोणी ते पाहून स्वतःभोवती घातले, तर कोणाला दारे बंद झालेली आढळल्यामुळे ते बाहेर वेगळे पडले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द यांच्या अनुकरणसिद्धान्ताचा येथे उपयोग केलेला आहे. त्यातूनच निबंधातील सर्वांत तपासण्याजोगे विधान निघते. ब्राह्मण जातीच्या अगदी निकट असलेल्या जातींनी तिन्ही रूढी उचलल्या. त्यांहून दूर असलेल्यांनी सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह एवढ्याच. आणखी दूरच्यांनी केवळ बालविवाह. आणि सर्वांत दूरच्यांनी जातीच्या तत्त्वावरील श्रद्धा तेवढी घेतली. अशी ही उतरती भाजणी आहे. ती खरी की खोटी, हे ग्रंथ वाचून नव्हे तर गावोगाव जाऊन ठरवावे लागते.

येथेच निबंधाचा सर्वांत नाजूक सांधाही दाखविला पाहिजे. विधवेला एक न्याय आणि विधुराला दुसरा, असे का व्हावे? याचे उत्तर देताना निबंधकार पुरुषाचे पूर्वापार वर्चस्व गृहीत धरतो. गटात पुरुषाचा शब्द चालतो, म्हणून त्याच्या इच्छेची बूज राखली जाते. म्हणजे जातीच्या कुंपणामुळे विषमतेला कोणते रूप आले, हे निबंध सांगतो. विषमता मुळात आली कोठून, हे मात्र सांगत नाही. विद्यार्थ्याने वर्गात वाचलेल्या काही पृष्ठांच्या निबंधाकडून ती अपेक्षा करणेही रास्त नव्हे. तथापि पुढील संशोधकांनी जे प्रश्न हाती घेतले ते नेमके या उणिवेतून उद्भवलेले आहेत.

४

निबंधलेखकाच्या स्वतःच्या पुढील आयुष्यात हा विचार ग्रंथातच राहिला नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. मुंबई विधिमंडळात १९२८ साली गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिकालीन सवलतींच्या विधेयकास डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला. स्वातंत्र्यानंतर कायदेमंत्री या नात्याने हिंदू संहिता विधेयकाचा त्यांनी पाठपुरावा केला आणि ते मार्गी लागत नाही असे पाहून १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्याच विधेयकाचे भाग १९५५ व १९५६ साली विवाह, वारसा, अज्ञानपालकत्व आणि दत्तक व पोटगी यांविषयीचे स्वतंत्र कायदे म्हणून संमत झाले. जातीबाहेरचा विवाह आणि मुलीचा वारसा या दोन्ही गोष्टींना कायद्याचा आधार देणे, म्हणजे १९१६ साली दाखविलेल्या कुंपणाच्या दोन खुंटांवर घाव घालणेच होय.

विद्यापीठीय अभ्यास मात्र बराच काळ निराळ्या वाटेने गेला. चंद्रकला हाटे यांनी हिंदू स्त्री आणि तिचे भवितव्य या विषयावरील ग्रंथ १९४८ साली, आणि स्वातंत्र्योत्तर काळातील स्त्रीच्या बदलत्या दर्जावरील ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध केला. या पाहण्यांचा रोख प्रामुख्याने नगरवासी, सुशिक्षित स्त्रीवर होता. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांची मीमांसा केली आणि उत्तरेचा बहिर्विवाही आचार व दक्षिणेचा आतेमामे-भावंडांच्या विवाहाचा आचार यांच्या सीमेवर महाराष्ट्र कसा उभा आहे हे दाखविले. १९७४ साली ‘समानतेकडे’ हा केंद्रीय समितीचा अहवाल सिद्ध झाला. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ असलेले स्त्रियांचे प्रमाण १९७१ साली ९३० वर उतरले होते, या वस्तुस्थितीकडे त्याने देशाचे लक्ष वेधले. त्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्रीविषयक संशोधनाचा विभाग सुरू झाला.

या साऱ्या अभ्यासात दलित स्त्रीचा स्वर जवळजवळ नव्हता. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना त्यांच्या घरी जाऊन गाठले, त्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. ज्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, त्यांची साक्ष हेच साधन मानण्याचा धडा त्यांनी घालून दिला. पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे यांनी १९१६ च्या निबंधाकडे पुन्हा लक्ष वेधून तो स्त्री-अभ्यासाचा पायाभूत ग्रंथ म्हणून शिकविला. डॉ. आंबेडकरांच्या निवडक लेखनाचे त्यांनी केलेले विवेचन २०१३ साली प्रसिद्ध झाले. जातीचा अभ्यास एका दालनात आणि स्त्रीचा अभ्यास दुसऱ्या दालनात अशी जी विभागणी झाली होती, ती मोडावयास जवळजवळ एक शतक लागले.

५

आता जळकोटकडे वळावयाचे. लातूर जिल्ह्याच्या ईशान्य भागात, नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगत हा तालुका वसला आहे. निजामी राजवटीत उदगीर-अहमदपूरचा हा सारा मुलूख बीदर जिल्ह्यात मोडत असे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग मुंबई राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यास जोडला गेला. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला. आणि जळकोट हा स्वतंत्र तालुका त्याहूनही अलीकडचा. शिक्षणाच्या दृष्टीने १९५८ साली औरंगाबाद येथे स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत हा प्रदेश होता. १९९४ साली त्या विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्यात आले आणि त्याच वर्षी नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले. जळकोट त्या नव्या विद्यापीठाच्या क्षेत्रात आला.

पडताळ्यासाठी हे क्षेत्र सोयीचे का, याची तीन कारणे सांगता येतील. पहिले असे की, ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे संस्थानी मुलखास आपोआप लागू होत नसत. त्यामुळे मुंबई इलाख्यात विधवाविवाह, संमतिवय आणि बालविवाह यांविषयी जी कायद्याची व वृत्तपत्रांची धामधूम झाली, तिच्यापासून हा भाग बराचसा अलग राहिला. रूढीचा वेध कायद्याच्या प्रभावाविना घ्यावयाचा तर अशी जागा उपयोगी पडते.

दुसरे कारण लोकसमाजाच्या विविधतेचे. मराठा, लिंगायत, हटकर, बंजारा, महार, मांग, मुसलमान अशा अनेक समाजांची वस्ती या परिसरात आहे. गावाशेजारी तांडे आहेत. यांच्या विवाहरीती एकसारख्या नाहीत. पाट किंवा मोहतूर या नावाने विधवेचे दुसरे लग्न लावण्याची चाल कष्टकरी जातींत रूढ होती, तर मराठ्यांतील प्रतिष्ठित घराणी तिला कमीपणाची मानीत. वीरशैव परंपरेने विधवेच्या पुनर्विवाहास तत्त्वतः मुभा दिली, म्हणजे तेथे अनुकरणाच्या उलट दिशेने जाणारा एक धर्मविचार आढळतो. १९१६ च्या निबंधातील उतरती भाजणी तपासावयाची तर एकाच बाजारगावी येणाऱ्या या समाजांची तुलना करण्यासारखा दुसरा मार्ग नाही. एखाद्या समाजात मोहतूर केव्हा बंद पडले आणि ते बंद पाडणाऱ्यांची सांपत्तिक स्थिती त्या सुमारास कशी होती, हा प्रश्न वृद्ध माणसांना विचारण्याची वेळ आता फार उरलेली नाही. दागिने न घालता, वाजंत्री न लावता, रात्रीच्या वेळी लागलेले लग्न ज्यांनी पाहिले अशी पिढी मावळत आहे.

तिसरे कारण आप्तविवाहाचे. मामाची मुलगी करण्याची चाल मराठवाड्यात अनेक समाजांत आहे. कर्वे यांनी सांगितलेल्या सीमाप्रदेशाचे ते लक्षण होय. जातीचे कुंपण येथे आणखी आवळून नात्याच्या कुंपणात रूपांतरित होते. याचा स्त्रीला लाभ की तोटा, याचे उत्तर सोपे नाही. सासू आत्या असेल तर जाच कमी होतो असे लोक म्हणतात. परंतु भावाबहिणीच्या शब्दात अडकलेली मुलगी नकार देऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. कोणते अधिक घडते हे म्हणींवरून नव्हे, तर घराघरांतील चौकशीवरूनच ठरावयाचे आहे.

६

अशा चौकशीला कागदोपत्री आधार कोठे मिळेल? शाळांतील जुन्या प्रवेश-निर्गम नोंदवह्यांत मुलीचे नाव, जात, प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख व कारण यांची नोंद असते. एका गावच्या पन्नास वर्षांच्या नोंदी क्रमाने लावल्या तर कोणत्या समाजाची मुलगी कोणत्या इयत्तेपर्यंत टिकली, याचा आलेखच डोळ्यांसमोर उभा राहतो. महसूल खात्याकडील खासरा पत्रके, सातबारा आणि फेरफार नोंदी हे दुसरे साधन. निजामी काळातील कागद बहुतांशी उर्दूत असल्यामुळे ती लिपी शिकून घेण्याचे कष्ट मात्र विद्यार्थ्यास सोसावे लागतील.

या दप्तरांची थोरवी अलीकडे सर्वांस कळली आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ साली शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मराठवाड्यातील जुने कागद पुन्हा उघडले गेले. नोंद सापडली म्हणजे तिच्याशी नाते सिद्ध करण्यासाठी वंशावळ मांडावी लागते. ती वडील, आजोबा, पणजोबा अशी पितृकुलातून चढत जाते. आई, आजी, आत्या तिच्यात कोठेही वंशाची कडी म्हणून येत नाहीत. जातीचा पुरावा पित्याकडून आणि जात राखण्याचा भार मात्र मुलीच्या विवाहावर, ही विसंगती इतकी रोजच्या व्यवहारातील आहे की ती कोणाच्या नजरेस पडत नाही. संशोधनाची सुरुवात अशा न दिसणाऱ्या गोष्टीपासून करावी लागते.

जमिनीच्या बाबतीत तर कागदच बोलका आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीस जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने सहदायाद ठरविले. परंतु वडील वारले की वारसांच्या नोंदीत बहिणींची नावे चढतात आणि पाठोपाठ हक्कसोडपत्र होऊन ती उतरतात, हा क्रम मराठवाड्यातील तलाठी सज्जांना नवा नाही. सही देणारी बहीण अज्ञानापोटीच देते असे समजणे चूक ठरेल. हिस्सा मागितला तर माहेर तुटते. आणि सासरी काही विपरीत घडले तर परतण्यास तेवढे एकच दार असते. दिवाळीची साडी, बाळंतपण, मुलांच्या लग्नातील मामाचा मान, या साऱ्यांची किंमत ती एका सहीत मोजते. एका सज्जातील फेरफार नोंदवहीवरून दरसाल किती बहिणींची नावे चढली, किती उतरली आणि मध्ये किती दिवस गेले, हे विद्यार्थ्यास मोजता येईल. १९१६ च्या निबंधात जमिनीचा विचार नाही. परंतु जातीअंतर्गत विवाहाने मनुष्यांचे वर्तुळ बंद होते, मामाची मुलगी केल्याने नात्याचे, आणि हक्कसोडपत्राने मालमत्तेचे, असा संबंध सिद्ध झाला तर त्या निबंधाची मांडणी पुढे नेल्यासारखे होईल.

दुसरी भर श्रमाची. ऊसतोडणीसाठी मराठवाड्यातून हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत पती-पत्नीची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते. काम दोघांचे असते. स्वयंपाकपाणी आणि मुले एकटीच्या वाट्याला येतात. जोडी असेल तरच पूर्ण कोयता, म्हणून हंगामाच्या तोंडावर अल्पवयीन मुलामुलींची लग्ने उरकली जातात. निबंधात बालविवाहाचे कारण विधुराची सोय असे दिले आहे. येथे ते मुकादमाच्या हिशेबात सापडते. रूढी तीच, परंतु तिला जगविणारे कारण बदललेले. म्हणूनच बालविवाहाला केवळ अज्ञान म्हणून सोडून देणे अशास्त्रीय ठरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षे पुरी होण्याआधी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के आढळले. नांदेड विद्यापीठाच्याच क्षेत्रातील परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के होते.

७

शेवटी, १९१६ च्या गणिताला आलेले उलटे वळण लक्षात घेतले पाहिजे. त्या काळी कुंपणाच्या आत स्त्री जास्तीची ठरत होती. आज ती कमी पडत आहे. २००१ च्या जनगणनेत लातूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ९१८ मुली होत्या. २०११ साली त्या ८८९ झाल्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात हे प्रमाण ८९४ वरून ८०७ वर घसरले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला आणि केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरीही ही घसरण झाली. विधवेला चितेवर चढविणाऱ्या समाजाने आणि मुलीला जन्मूच न देणाऱ्या समाजाने वापरलेली साधने भिन्न आहेत. परंतु स्त्रीची संख्या ही कुटुंबाच्या व जातीच्या सोयीने कमीअधिक करावयाची गोष्ट आहे, ही दोहोंमागील समजूत एकच आहे.

या घसरणीच्या काळात जन्मलेली मुले आता विवाहाच्या वयात आली आहेत. अल्पभूधारकाच्या मुलास वधू मिळेनाशी झाली, हे मराठवाड्यातील पारावर नित्य ऐकू येणारे गाऱ्हाणे आहे. अशा वेळी कुंपणाचे काय होते? ते मोडून जातीबाहेर विवाह होऊ लागतात, की दूरच्या मुलखातून मध्यस्थामार्फत वधू आणल्या जातात, की मुलींची लग्ने आणखी लवकर उरकली जातात? यांपैकी कोणते उत्तर खरे ठरते यावर जातीअंतर्गत विवाहाची सक्ती किती चिवट आहे, हे कळून येईल. दूरवरून आणलेल्या वधूच्या जातीकडे डोळेझाक होत असेल आणि गावातीलच दुसऱ्या जातीची मुलगी मात्र वर्ज्यच असेल, तर कुंपण नेमके कशाचे होते हा प्रश्न नव्याने विचारावा लागेल. १९१६ च्या सिद्धान्ताची याहून कठोर परीक्षा दुसरी नसेल, आणि ती घेण्याची संधी याच पिढीतील संशोधकांस आहे.

या परीक्षेस मोठ्या निधीची किंवा परदेशी ग्रंथालयाची गरज नाही. एका शाळेची नोंदवही, एका सज्जाचे फेरफार, एका तांड्यावरील चाळीस घरांची चौकशी आणि पाच वृद्ध स्त्रियांच्या सावकाश ऐकून घेतलेल्या हकिगती एवढ्यावर पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध उभा राहू शकतो. मात्र अशा चौकशीत ज्या घरी तो जाईल तेथे बहुधा पुरुष उत्तरे देतील आणि स्त्रिया दाराआड उभ्या राहतील. ती दाराआडची उत्तरे मिळविण्यात विद्यार्थिनींचा वाटा मोठा राहील. मून व पवार यांच्या कार्याने ते सिद्धच केले आहे. शिवाय उत्तर देणारीचे नाव व गाव गुप्त राखण्याची खबरदारी घेतली नाही, तर हक्कसोडपत्राविषयी खरे बोलणाऱ्या बहिणीचे माहेर संशोधनापायी तुटावयाचे.

न्यूयॉर्कच्या अभ्यासवर्गात त्या दिवशी निबंध ऐकणाऱ्यांपैकी जळकोटचे नाव कोणी ऐकले असण्याचा संभव नाही. परंतु निबंधात ज्या विधवेचा आणि ज्या बालवधूचा हिशेब मांडला होता, त्या या मुलखातही होत्या. आणि त्यांच्या नाती-पणती आज येथील महाविद्यालयांच्या वर्गात बसत आहेत. पूर्वी जिचा हिशेब इतरांनी मांडला, तिनेच आता तो मांडावयास घेतला, तर १९१६ च्या निबंधातील जो सांधा नाजूक राहिला, पुरुषाचे वर्चस्व आले कोठून हा जो प्रश्न गृहीत धरला गेला, त्याचे उत्तर कदाचित तिच्याच वहीत सापडेल.